छातीवरचा हात

अगं, आधी ती पर्स खाली ठेव आणि बस. चहा ठेवलाय, गवती चहाची पात घालून. काल फोनवर तू एका दमात जे सांगितलंस ते सगळं माझ्या डोक्यात आहे. सकाळच्या मिस्साला उठवत नाही. संध्याकाळी विरार लोकलमधून उतरून घर गाठेपर्यंत अंगात त्राण राहत नाही. ऑक्टोबरभर घरात जपमाळ म्हणायचं ठरवलंस, ते चार दिवसांत मोडलं. मुलाची धर्मशिक्षणाची वही सापडत नाही. त्यात सासूबाई म्हणाल्या, हल्लीच्या पोरींना देव नको झालाय. तू रडलीस. आणि त्याच तिरमिरीत तू धाकट्या जावेबद्दल बोलून गेलीस, की ती तर नाताळ-ईस्टरलाच चर्चमध्ये दिसते.

बघ, सासूबाईंचं बोलणं तुला लागलं, पण स्वतःचं बोलणं त्याहून जास्त टोचलं. म्हणून तर रात्री साडेदहाला फोन केलास. टोचलं ते बरं झालं. श्रद्धा मेलेली असती तर टोचलं नसतं.

खरं सांगू का, या बाबतीत मी तुझ्याहून मोठी चूक केलेली आहे. ऐक.

माझ्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती. उपवासकाळातला शुक्रवार होता. त्या शुक्रवारी आपल्याकडे मटण-चिकन शिजत नाही, तुला माहीतच आहे. संध्याकाळी मी मागच्या पडवीत वाळलेले कपडे काढत होते आणि शेजारच्या चुलीवरून वास आला. लसूण, मिरी आणि उकळणारी हाडं. माझ्या मनात लगेच निकाल लागला. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात चौघींमध्ये मी ते बोलून दाखवलं. नाव घेतलं नाही, पण घर कळेल एवढी खूण दिली. एकीनं मान हलवली, एक हसली, विषय संपला. मला त्या क्षणी बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं आणि लाज वाटते ती त्याचीच.

आठवड्यानं कळलं की शेजारच्या दादांचं मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं आणि वहिनी त्यांना रोज पायाचं सूप पाजत होती. मधे एक भिंत, अगं! भिंतीपलीकडचा वास मला कळला, माणसाचं दुखणं कळलं नाही. पुढे एका धर्मगुरूंनी मला शांतपणे समजावलं. मांस वर्ज्य करण्याचा नियम वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्यांना, उपवासाचा नियम १८ पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत, आणि आजारी माणसाला दोन्हींतून मोकळीक. म्हणजे जो नियम मी हातात घेऊन उभी होते, तो माझ्यापेक्षा दयाळू होता. मी तो पुरता वाचलाही नव्हता.

मग मी तांदळाच्या भाकऱ्या केल्या, वालाचं बिरडं केलं, डबा भरला आणि गेले. दारातच म्हणाले, वहिनी, माझं चुकलं, मी तुमच्याबद्दल बोलले. ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आत ये. यांची उशी जरा वर करायची आहे, एकटीला जमत नाही." मी दादांच्या काखेखाली हात घातला, तिनं उशी सरकवली. तेवढंच. पण एक काम उरलं होतं. ज्या चौघींना सांगितलं होतं, त्या चौघींना परत गाठून खरं काय ते सांगायचं होतं. ते मला डबा नेण्यापेक्षा जड गेलं. तुलाही जड जाईल, पण जावेबद्दल तू जिच्यापाशी बोललीस, तिला आज-उद्या सांगून टाक. लांबवू नकोस.

आणि एक बघ. मिस्साच्या सुरुवातीला आपण आपला अपराध कबूल करतो तेव्हा छातीवर हात मारतो. कोणाच्या छातीवर? स्वतःच्या. इतकी वर्षं भरलेल्या चर्चमध्ये मी उभी राहिले, बाजूच्या बाईच्या छातीवर कुणी हात मारलेला मी पाहिला नाही. पापनिवेदनालाही आपण आपलं सांगतो, शेजारणीचं नाही. आपल्याच प्रार्थनेत हे शिकवलेलं आहे, फक्त आवाराचं फाटक ओलांडलं की आपण तो हात छातीवरून काढतो आणि बोट करून दुसऱ्याकडे वळवतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, ही म्हण आपण रोज वापरतो. येशूनं डोंगरावर बसून दिलेली शिकवणही नेमकी हीच होती.

आता तुझ्या दमणुकीचं बोलू. सगळं एकदम धरू नकोस, माझं ऐक. सकाळी गॅस पेटवताना क्रुसाची खूण कर आणि आज घरातून कोण कुठे जाणार आहे, त्यांची नावं मनात घे. दूध वर येईपर्यंत होतं. पूर्ण जपमाळ जमत नसेल तर एकच रहस्य म्हण, दहा मण्यांचं, मुलाला मांडीवर घेऊन. तो मधेच झोपला तर झोपू दे. रविवारचं मिस्साबलिदान मात्र सोडू नकोस. सकाळी नाही जमलं तर संध्याकाळी जा. पण घरात कुणी तापानं फणफणलंय आणि त्याच्याजवळ दुसरं कुणी नाही, तर घरी थांब आणि मनात अपराध घेऊन बसू नकोस. त्या दिवशी पाण्याच्या पट्ट्या बदलणं हीच तुझी सेवा.

आणि लोकल. गर्दीच्या वेळी विरारच्या गाडीत मधेच उतरणारी बोरिवलीची बाई चढली की आपण कशा बघतो तिच्याकडे, आठव. तिच्याही हातात डब्याची पिशवी असते, तिलाही पोर सोडून यावं लागतं. चौथ्या सीटसाठी जरा सरकणं, उभ्या असलेल्या गरोदर बाईला हाक मारून बसवणं, भांडण पेटत असताना त्यात आपलं लाकूड न टाकणं. ही तुझी रोजची दीड-दोन तासांची धर्मशिक्षणाची शाळा आहे असं समज. तिथे तुझ्या गळ्यातला क्रूस सगळ्यांना दिसतो. मग तो घालणारी कशी वागते, तेही दिसतंच.

मोदकाचं तू विचारलं होतंस ना? ऑफिसात गणपतीचा प्रसाद आला की घ्यावा की नाही. त्याचीही माझ्याकडे एक आठवण आहे. माझी लेक पाच वर्षांची असेल. समोरच्या घरी गणपती बसला होता. तिथल्या काकूंनी तिच्यापुढे मोदक धरला, तर हिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि म्हणाली, आम्ही तुमचं खात नाही. काकूंचा हात तसाच हवेत राहिला, मोदकाला अजून वाफ येत होती. मी तिला असं कधी शिकवलं नव्हतं. पण स्वयंपाकघरात मी कुणाशी तरी काय बोलले होते, ते तिनं ऐकलं होतं. पोरं वर्गातलं विसरतात, स्वयंपाकघरातलं विसरत नाहीत.

संत पौलापुढे हाच प्रश्न आला होता, बरं का. मूर्तींना वाहिलेलं मांस खावं की नाही, यावरून पहिल्या ख्रिस्ती लोकांत वाद पेटले होते. त्यानं करिंथच्या लोकांना लिहिलं आणि रोमच्या लोकांनाही. त्याच्या सांगण्याचा मतलब असा, की खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला हिणवू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचा निवाडा करू नये, आणि आपल्यामुळे दुसऱ्याचं मन डळमळेल असंही वागू नये. म्हणून तुला सांगते, तुझ्या मनाला जे पटतं ते कर. घ्यायचा नसेल तर हात जोडून, हसून, प्रेमानं नाही म्हण. ताटाकडे बघून नाक मुरडू नकोस. आणि शेजारच्या टेबलावरची आपली ख्रिस्ती मैत्रीण तोच मोदक आनंदानं खात असेल, तर तिच्याकडे बघून भुवई उंचावू नकोस.

आपण कुठे राहतो ते तरी बघ. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, राज्य बदललं. पण सामवेदी हिंदू आणि सामवेदी ख्रिस्ती आजही तीच कादोडी बोली बोलतात. भाऊबंद असावेत तसे आपण एका पाण्यावर, एका वाडीच्या बांधावर वाढलोय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवतात ना? नंदाखालचे. त्यांनी आयुष्यभर पुरोहितपण निभावलं, 'सुवार्ता' मासिक चालवलं, सोप्या मराठीत 'सुबोध बायबल' दिलं. आणि तेच हरित वसईसाठी सगळ्या धर्मांच्या लोकांबरोबर रस्त्यावर उतरले, संतसाहित्यावर प्रेम केलं, २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ला ते गेले. त्यांच्याकडे बघून मला एवढं कळलं की आपली श्रद्धा घट्ट असली की दुसऱ्याच्या श्रद्धेची भीती वाटत नाही.

आता जावेकडे येऊ. ती चर्चला का येत नाही, तू तिला कधी विचारलंस? टोमणा मारून नव्हे, भाजी निवडता निवडता, सहज. तिचं काही दुखलं असेल. कुणी काही बोललं असेल. किंवा तिचा विश्वासच सध्या डळमळीत असेल, तेही असू शकतं. ढकलून कुणी देवाजवळ जात नाही गं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाच, माझ्याकडे आहे, नेशील तेव्हा ने. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढे एकत्र राहायला लागल्यावरही त्या आपलं सोवळं पाळत होत्या आणि टिळकांनी ते पाळू दिलं. काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून, स्वतःच्या पायांनी ख्रिस्ती धर्माचा उंबरा ओलांडला. एका घरात दोन चुली असताना त्यांचा संसार टिकला, मग तुमच्या घरात एक बाई रविवारी मागे राहते म्हणून काय मोठं बिघडलं? ती घरी असते म्हणून तर तू निवांत चर्चला जाऊ शकतेस. जेवण कोण बघतं त्या दिवशी?

पण एक नीट समजून घे, नाहीतर उद्या माझंच नाव सांगशील. निवाडा करू नये म्हणजे डोळे मिटून बसावं असं नाही. कुणाच्या घरात मारहाण होते, कुणी दारू पिऊन बायकोचा पगार ओढून घेतो, कुणी पोराला चटके देतो, तिथे 'आपण कोण बोलणार' म्हणून गप्प बसणं हा धर्म नव्हे. तिथे बोलायचं. त्या बाईच्या बाजूला उभं राहायचं, तिला घेऊन सिस्टरांकडे जायचं, पोलिसांत जायचं, १८१ हा महिलांचा मदतीचा नंबर तिच्या फोनमध्ये भरून द्यायचा. आणि एखाद्याची साधी चूक असेल तर? तर आधी त्याला एकट्याला गाठून सांगायचं, शुभवर्तमानात क्रम तसाच दिलाय. ज्याची चूक आहे त्याच्यापाशी न बोलता बाकी सगळ्यांपाशी बोलणं, हे आपण आवारात करतो ते.

म्हणून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली, ती तूही लाव. कुणाबद्दल बोलावंसं वाटलं की आधी तिच्या दारात जायचं, हातात काहीतरी घेऊन. दहांतल्या नऊ वेळा परत येताना बोलण्यासारखं काही उरत नाही.

तू म्हणालीस, ताई, मी काही संत नाही. अगं, आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया तरी कुठे मोठे पदाधिकारी होते! धर्मगुरूही नव्हते, फ्रान्सिस्कन ब्रदर होते. परक्या जपानची भाषा शिकले आणि दुभाष्याचं काम केलं, दोन माणसांना एकमेकांचं समजावून दिलं. ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं, १८६२ साली ते संत झाले. त्यांच्यासारखं मरण आपल्या वाट्याला येणार नाही. पण दुभाष्याचं काम तर करता येईल? सासूबाईंना तुझी दमणूक कळत नाही, तुला जावेचं मन कळत नाही. त्या घरात एका दुभाष्याची गरज आहे, आणि तुला ते जमेल. तीन माणसांचे डबे भरून वेळेत गाडी पकडणारी बाई आहेस तू, न जमायला काय झालं?

चहा घे, निवतोय. आणि हे बघ, हा डबा तुझ्यासाठी भरलाय, जावेलाही दे त्यातलं, दोघी मिळून खा. त्या शेजारच्या वहिनीनं पुढच्या आठवड्यात माझा डबा परत केला तेव्हा तो जड लागला. उघडला तर केळीच्या वाळक्या पानात बांधलेली सुकेळी. मी तिची चहाडी केली होती, तरी तिनं माझा डबा रिकामा पाठवला नाही. तूही हा डबा परत आणशील तेव्हा रिकामा आणू नकोस. आणि आणायला जावेला सोबत घेऊन ये.