पत कशी वाढवावी? क्रेडिट कार्डाचा धडा



पूर्वी कर्ज मागायला गेलं की सोसायटीतले पंच म्हणायचे, "माणूस व्यवहाराला चोख आहे, द्या त्याला." आता ही साक्ष आकड्यात आली आहे. तिला क्रेडिट स्कोअर म्हणतात. सन २००० मध्ये सिबिल स्थापन झाली. आज अशा चार कंपन्या आहेत. अंक ३०० ते ९०० असतो. साधारण ७५० च्या वरचा अंक चांगला समजतात. ट्रॅक्टर असो की घरबांधणी, बँक आधी हा अंक पाहते.

कुणी म्हणेल, "माझ्यावर एक पैसा देणं नाही, मला कोण अडवणार?" पण नोंदच नसेल तर बँकेने पारख कशी करावी? नोंद तयार करण्याचा एक मार्ग म्हणजे क्रेडिट कार्ड. १९९८ पासूनचे किसान क्रेडिट कार्ड वेगळे. ते पीककर्जाचे खाते आहे. हे दुसरे कार्ड महिन्याच्या उधारीचे.

कार्ड कसे वापरावे?

१) पहिल्यांदा कार्ड मिळत नसेल तर काही बँका मुदत ठेवीच्या तारणावर देतात.

२) मर्यादा २०,००० रुपये असेल तर ६,००० च्या आत, म्हणजे तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवावा.

३) बिल पूर्ण भरावे. बिलावर 'किमान रक्कम' छापलेली असते. तेवढीच भरली तर थकबाकी दिसत नाही, पण उरलेल्या रकमेवर व्याज चढते. महिना तीन टक्के धरले तर वर्षाला छत्तीस! एवढं व्याज कुठल्या पिकाला झेपतं?

४) या कार्डावर रोख पैसे काढू नयेत. व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.

आपली खरी अडचण इथेच आहे. कार्डाचे बिल दर महिन्याला येते, उसाचे बिल हंगामात. म्हणून "ऊस गेला की भरू" या भरवशावर कार्ड वापरू नका. दुधाच्या बिलातून फिटेल तेवढंच घ्या. दूध नाही, पगार नाही, तर कार्ड न काढलेलं बरं. पीककर्ज वेळेवर फेडल्याचीही नोंद होतेच.

आणखी दोन गोष्टी. तुम्ही जामीन राहिलात आणि कर्जदाराने थकवलं, तर डाग तुमच्याही नोंदीला लागू शकतो. तसेच एकरकमी तडजोडीत सूट घेतली तर 'सेटल्ड' असा शेरा पडतो. पूर्ण फेड केल्याचा नव्हे.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो काढून वाचावा. फेडलेले कर्ज बाकी दिसत असेल तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दररोज १०० रुपये भरपाईचा नियम २०२४ पासून लागू आहे. बेबाकी दाखला मात्र जपून ठेवा.

पत कमवायला वर्षे लागतात, घालवायला दोन हप्ते पुरतात. घरातल्या तरुण मुलांनाही हे वाचून दाखवावे.