गंजलेली जीप : दुरुस्त करावी की मोडीत काढावी?

एटापल्ली तालुक्यात पाऊस भरपूर आणि वाटेत नाले पुष्कळ. अशा मुलखात धान, बियाणे व प्रसंगी आजारी माणूस नेण्यास चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप फार उपयोगी पडते. तथापि तिच्यावर पैसा घालण्यापूर्वी तिची पारख करावी.

इंजिन सुरू होते म्हणून भुलू नये. बंद आहे म्हणून निराशही होऊ नये. इंजिन, ब्रेक व गिअर दुरुस्त होतात. गाडीचा खरा आधार म्हणजे खालची चासी. वाळवी लागलेली तुळई वरून धड दिसते, तशीच रंग दिलेली चासीही फसविते.

तपासणी : गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत व चिखल धुऊन काढावा. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. कमानीचे पाटे व स्टिअरिंग चासीला जेथे जोडलेले असतात, तेथे हातोडीने हलके ठोकावे. खणखणीत आवाज हे बहुधा शाबूत लोखंडाचे लक्षण होय. आवाज बद्द आल्यास पेचकस टोचून पाहावा. तो आत घुसला तर लोखंड कुजले असे समजावे.

निर्णय : केवळ वरचा पत्रा गंजला असल्यास दुरुस्ती करावी. चासी एकाच जागी खराब असल्यास कुशल वेल्डरचा सल्ला घ्यावा. मुख्य जोडांजवळ ती अनेक ठिकाणी कुजली असल्यास गाडी मोडीत काढणेच हिताचे. खाजगी गाडीच्या नोंदणीचे १५ वर्षांनंतर नूतनीकरण करावे लागते. तो खर्च, सुटे भाग व ते आणण्याचे भाडे मांडून एकूण रक्कम तशाच धड जुन्या जीपच्या किमतीशी ताडून पाहावी.

भर पावसात रोगी घेऊन निघालेली गाडी नाल्यात मोडली, तर वाचविलेला पैसा कामी येत नाही.