पर्यावरणपूरक गृहबांधणी : एक लोकोपयोगी कार्यक्षेत्र

चांदूर रेल्वे परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टिनपत्र्याखाली दुपार काढणे वृद्धांना व बालकांना असह्य होते. काळी जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते. पाया उथळ असल्यास भिंतींना तडे जातात. म्हणून घरबांधणी हा सार्वजनिक धोरणाचाही विषय ठरतो.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात याचा विचार फार पूर्वीपासून झाला आहे. सेवाग्रामला १९३६ पासून गांधीजींच्या निवासासाठी माती, बांबू व कवेलू यांच्या कुट्या उभारल्या गेल्या. पुढे डॉ. देवेंद्रकुमार यांनी स्थापिलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडणाऱ्या शंकूच्या आकाराच्या कवेलूंचे कमानदार छप्पर विकसित केले. त्यास लाकूड लागत नाही आणि गावच्या कारागिरास काम मिळते.

परंतु चांगला नमुना आपोआप नियम होत नाही. अंदाजपत्रकात त्याची बाब नसेल, चाचणीचे आकडे नसतील, तर अभियंता त्यास मान्यता देऊ शकत नाही. हे अंतर मिटविणे हेच या क्षेत्रातील कार्यकर्त्याचे काम होय. स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला वा पर्यावरणशास्त्र शिकलेल्या तरुणांना ते करता येईल. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ व निवासी इमारतींसाठीची २०१८ ची संहिता यांचा अभ्यास त्यांस अगत्याचा आहे.

आरंभ शाळेतूनही होऊ शकेल. चुना लावलेल्या व न लावलेल्या छपराखालील तापमान विद्यार्थ्यांनी महिनाभर नोंदवावे आणि तो तक्ता ग्रामसभेपुढे ठेवावा. धोरणाचा पहिला पाठ तोच होय.