लांबलचक शब्द पाठ करावेत का?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. शिकवणीत 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस' पाठ करायला सांगितलंय. असे शब्द आल्याशिवाय इंग्रजी सुधारत नाही का?
– एक पालक, बेलापूर (ता. श्रीरामपूर)

उत्तर : ताई, मुळीच काळजी करू नका. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 45 अक्षरांचा हा शब्द 1935 मध्ये अमेरिकेतल्या शब्दकोडेप्रेमींच्या संघटनेच्या अध्यक्षांनी मुद्दाम लांबवून घडवला. अर्थ एवढाच, की बारीक धूळ फुप्फुसात साचून होणारा आजार. डॉक्टर 'सिलिकोसिस' म्हणून मोकळे होतात!

घोकंपट्टीपेक्षा शब्दांचे शेवट ओळखायला शिकवा. 'आयटिस' दिसलं की त्या अवयवाचा दाह : टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस. 'ऑलॉजी' दिसलं की बहुधा शास्त्र : कार्डिऑलॉजी हृदयाचं, झूऑलॉजी प्राण्यांचं. 'बहुधा' म्हटलं, कारण 'अपॉलॉजी' म्हणजे माफी. तेव्हा अंदाज आधी तिला बांधू द्या, मग शब्दकोशात ताडून पाहू द्या.