तबकडीवर नसलेलं नाव

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या शे-सव्वाशे तबकड्या माझ्याकडे आहेत. गायक, कवी, संगीतकार, कधीकधी तबलजीचंही नाव त्यांवर सापडतं. पण ज्याने हे सगळं टिपलं तो माणूस कोण, हे कुठेच लिहिलेलं नाही. ही माणसं मुलाखती देत नाहीत, की कोणी घेतच नाही? तुम्हाला संधी मिळाली तर कोणाला काय विचाराल?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वडिलांच्या तबकड्यांपैकी एखादी उजेडाकडे तिरपी धरून पाहा. गाणं संपतं आणि कागदी लेबल सुरू होतं, त्या दोहोंच्या मध्ये एक गुळगुळीत पट्टा असतो. त्यात कारखान्यात कोरलेले आकडे दिसतील. अमेरिकेत न्यू जर्सीला राहणारे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी त्या पट्ट्यात स्वतःची आद्याक्षरं उमटवली : आरव्हीजी. जॅझच्या जुन्या तबकड्या गोळा करणारे आजही आधी ती तीन अक्षरं शोधतात आणि मग किमतीचं बोलतात.

व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढून देत. फावल्या वेळात हॅकेन्सॅक गावातल्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करत. थेलोनिअस मंक या पियानोवादकाने तर आपल्या एका रचनेला त्या गावाचंच नाव दिलं. 1959मध्ये चष्म्यांचं काम सोडून त्यांनी जवळच उंच छताचा स्वतःचा स्टुडिओ उभारला. जॅझवादक जॉन कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' ही तबकडी डिसेंबर 1964मध्ये मुद्रित झाली ती तिथेच. हातमोजे घालून यंत्रांना हात लावणारा हा माणूस कोणता माइक कुठे ठेवतो, हे मात्र सांगत नसे. छायाचित्र काढायची वेळ आली की माइक जागचे हलवून ठेवत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. 2016मध्ये ते गेले. उतारवयात त्यांनी मुलाखती दिल्या, पण ज्यासाठी लोक कान टवकारून बसले होते ते गुपित बरंचसं स्वतःपाशीच ठेवलं. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की काही जणांनी स्वतःहूनच फार बोलायचं नाही असं ठरवलं होतं.

बहुतेकांना मात्र कोणी विचारलंच नाही. ते कंपनीचे पगारी नोकर होते आणि त्यांच्या कामाकडे कारकुनी म्हणून पाहिलं जाई. 1967ची बीटल्सची 'सार्जंट पेपर' घ्या. तिच्या वेष्टनावर मेणाच्या पुतळ्यांसाठी मादाम तुसाँचा उल्लेख आहे, पण ध्वनिमुद्रक जेफ इमरिक यांचा नाही. त्याच कामासाठी त्यांना पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं.

इमरिक बीटल्सचे मुख्य ध्वनिमुद्रक झाले एप्रिल 1966मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी. पहिल्याच दिवशी बीटल्सपैकी जॉन लेननने सांगितलं, माझा आवाज दूर डोंगरमाथ्यावरून दलाई लामा मंत्र म्हणत असल्यासारखा आला पाहिजे. हॅमंड ऑर्गनला आवाज गोल फिरवणारा लेस्ली नावाचा स्पीकर जोडतात, तो वेगळ्या पेटीत असतो. इमरिकनी लेननचा आवाज त्या स्पीकरमधून सोडला. ड्रमपासून माइक ठराविक अंतरावर ठेवायचा, असा बीटल्स जिथे गात त्या लंडनच्या स्टुडिओचा नियम होता. इमरिकनी माइक अगदी जवळ नेला आणि मोठ्या ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला. वरिष्ठांनी त्यांना जाब विचारला आणि शेवटी लेखी परवानगी दिली, तीही फक्त बीटल्सपुरती! आज जगभर ड्रमला माइक चिकटवूनच लावतात. हे सगळं त्यांनी 2006मध्ये पुस्तकात लिहिलं, तेव्हा त्यांच्याच काही सहकाऱ्यांनी तपशिलांवर हरकती घेतल्या. मला त्यात गैर वाटत नाही. चाळीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत घट-वाढ होणारच. ती ताडून पाहायला त्या स्टुडिओत टेपच्या खोक्यांवरच्या नोंदी आणि रोजचे कागद तरी जपून ठेवलेले होते.

आता आपल्याकडे येऊ. मला मुलाखतीची संधी मिळाली असती, तर पहिलं नाव जी. एन. जोशी यांचं. आपल्या आजी-आजोबांची पिढी त्यांना भावगीतगायक म्हणून ओळखे. वकिली शिकलेला हा गायक 1938मध्ये एचएमव्ही या तबकड्यांच्या कंपनीत गेला आणि पुढची काही दशकं इतरांची गाणी मुद्रित करवत राहिला. अशा माणसाला प्रोड्यूसर म्हणतात. सिनेमाचा निर्माता पैसा घालतो. इथला प्रोड्यूसर कोणी काय गायचं, किती वेळ गायचं आणि कोणता टेक ठेवायचा हे ठरवतो. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. मैफलीत तेवढा वेळ तर सूर लागायलाच जातो. तासभर राग मांडणाऱ्या बुजुर्ग खाँसाहेबांना 'एवढ्यातच बसवा' हे सांगायचं कसं, आणि तेही त्यांचा मान राखून? जोशींना मी हेच विचारलं असतं.

आणखी एक विचारलं असतं. 1967ची 'कॉल ऑफ द व्हॅली' त्यांचीच निर्मिती. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांतून काश्मीरच्या खोऱ्यातला एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत उलगडतो. पण एलपी मध्येच उलटावी लागते. श्रोता उठणार, सुई उचलणार, तो क्षण दिवसाच्या कोणत्या प्रहरावर आणायचा, हे कसं ठरलं? जोशींनी 'स्वरगंगेच्या तीरी' हे आठवणींचं पुस्तक लिहिलं, हे आपलं भाग्य. सांगलीच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात ते जरूर शोधा.

हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रकांची नावं पडद्यावर दोन-तीन सेकंद झळकत, तुमच्या तबकडीवर ती येत नसत. परळच्या राजकमल कलामंदिरात बसून 'शोले'चं मिक्सिंग करणाऱ्या मंगेश देसाईंचं नाव असंच लाखो लोकांच्या डोळ्यांसमोरून गेलं. त्या काळी गाण्याला गायक आणि पूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी वाजत. शेवटच्या रांगेतला एक व्हायोलिनवाला चुकला, तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. आवाजांचा बॅलन्स मागाहून दुरुस्त करायची सोय नव्हती. कोणी माइकपासून किती पावलं मागे बसायचं, यावरच तो ठरे. ती पावलं ज्यांनी मोजली त्यांच्याकडून ऐकण्यासारखं खूप होतं, आणि त्यातलं फार थोडं कागदावर उतरलं.

मुलाखत घेणाऱ्याची एक चूक मला नेहमी खटकते. रेकॉर्डिस्ट समोर बसलेला असतो आणि त्याला विचारतात, 'लताबाई कशा होत्या? किशोरकुमार खरंच तसे वागायचे का?' तो बिचारा सौजन्याने दोन किस्से सांगतो आणि तास संपतो. त्याऐवजी एकच गाणं लावावं, एका जागी थांबवावं आणि विचारावं, इथे बासरी अचानक जवळ आली, ती तुम्ही आणली की वादक पुढे सरकला? मग तो माणूस खुर्चीत सरसावून बसतो. अमेरिकन पॉपगायक प्रिन्सच्या ध्वनिमुद्रक सुझन रॉजर्स असं बोलतात. पुढे त्यांनी श्रवणाच्या मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि त्या बॉस्टनला बर्कली महाविद्यालयात शिकवू लागल्या. त्यांना ऐकून परिचयाचं गाणंही मी परत वेगळ्या कानांनी ऐकतो.

तुमच्या ओळखीत, नात्यात, शेजारी आकाशवाणी किंवा एखाद्या स्टुडिओतून निवृत्त झालेलं कोणी असेल, तर या दिवाळीत वडिलांच्या तबकड्यांपैकी एक घेऊन त्यांच्याकडे जा. ती एकत्र ऐका आणि मोबाइलचा रेकॉर्डर सुरू ठेवा. जे हाती लागेल ते आम्हाला लिहून पाठवा. या सदरात त्याला जागा आहे.