मिळालेले सांत्वन कोणासाठी?

शास्त्रभाग : २ करिंथ १ : ३–११ व ७ : ५–७, १ राजे १९ : १–८

वणी, मारेगाव व झरी ह्या तालुक्यांतील आपल्या मंडळ्यांनी अलीकडच्या वर्षांत काय सोसले, हे निराळे सांगावयास नको. २०१७ साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. त्याच हंगामात फवारणीचे विष अंगात भिनून यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, आणि शेकडो जणांस इस्पितळात न्यावे लागले. जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीच्या पुराने काठची उभी पिके नेली. कर्जाच्या ओझ्याखाली ज्यांनी आपला जीव दिला, त्यांची घरे तर त्याच्याही पुष्कळ आधीपासून आपल्या जिल्ह्यात आहेत. अशा घराच्या उंबरठ्यावर उपदेशक उभा राहतो, तेव्हा त्याने काय करावे, हा ह्या पाठाचा विषय होय.

पौलाने करिंथकरांस दुसरे पत्र लिहिले ते सुखात बसून लिहिले नाही. आशिया प्रांतात त्याजवर असे संकट गुदरले होते की, आपण जगू ही आशाही त्याने सोडली होती. आठव्या वचनात तो हे उघड सांगतो. पाठ घेणाऱ्याने हे वचन मोठ्याने व दोनदा वाचावे, अशी आमची विनंती आहे. कारण विश्वासणारा मनुष्य खचला की त्याचा विश्वास उणा पडला, असे आपल्या मंडळ्यांत फार लवकर बोलले जाते. प्रेषित खचला होता, आणि ते लपवावे असे त्यास वाटले नाही.

तिसऱ्या वचनापासून सातव्यापर्यंत मूळ ग्रीक भाषेत सांत्वनाचा शब्द दहा वेळा आला आहे. त्याचा धात्वर्थ 'जवळ बोलावणे' असा आहे. पवित्र आत्म्याला आपण 'कैवारी' म्हणतो, तेथील मूळ शब्दही त्याच धातूचा. हे सांत्वन देव कशासाठी देतो, ते चौथ्या वचनात आहे : ज्याला ते मिळाले त्याने ते दुसऱ्या दु:खितापर्यंत न्यावे म्हणून. आणि पौलापर्यंत ते कसे आले? सातव्या अध्यायात तो लिहितो की, बाहेर भांडणे व आत भीती अशी त्याची अवस्था असता देवाने तीताच्या येण्याने त्याचे सांत्वन केले. स्वर्गातून वाणी झाली नाही. एक ओळखीचा मनुष्य लांबचा प्रवास करून दाराशी आला.

आपल्या महाराष्ट्रात ह्या वचनाचा अर्थ पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो. १८५८ साली जन्मलेल्या ह्या बाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, त्यांच्या मागून आई व थोरली बहीण ही सर्व १८७६–७७ च्या दुष्काळाच्या सुमारास उपासमारीच्या दिवसांत गेली. आईच्या प्रेताला पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत, म्हणून मुलीलाच पुढे व्हावे लागले. पुढे भाऊ गेला, आणि १८८२ साली, लग्नाला दोन वर्षेही झाली नसता, पती बिपिनबिहारी हेही पटकीने वारले. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु मनाचे पूर्ण समाधान त्यानंतर कित्येक वर्षांनी मिळाले, असे त्यांनी स्वत:च लिहिले आहे. दु:खिताने आठ दिवसांत शांत व्हावे असा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग १८९६–९७ चा दुष्काळ मध्यप्रांतात पडला. रमाबाई तेव्हा पुण्यास होत्या. बातमी ऐकताच त्यांना आपल्या उपासाचे दिवस आठवले, आणि त्या स्वत: तिकडे निघून गेल्या. सुमारे ३०० मुली व विधवा त्यांनी आणल्या व केडगाव येथे त्यांची सोय केली. तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. भूक काय असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आमच्या मते त्यांच्या विद्वत्तेपेक्षा ही आठवणच त्या मुलींच्या अधिक उपयोगी पडली.

आता आपल्या गावाकडे येऊ. एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्यास दोष दिला नाही. त्यास झोपू दिले व दूताकडून भाकर आणि पाणी दिले, तेही दोन वेळा. बोलणे मागाहून झाले. ज्या घरी कोणी जीव दिला आहे, तेथे मृताच्या आत्म्याविषयी निवाडा सांगणे उपदेशकाचे काम नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याजजवळ बसले तोवर ठीक होते. बोलू लागले तेव्हा बिघडले. म्हणून जाताना ज्वारीचे पीठ व तेल न्यावे, बसावे, आणि घरची बाई बोलू लागली तर ऐकावे. प्रार्थना थोडकी असावी.

घरात दुसरा कोणी जगण्यास कंटाळल्याचे बोलला, तर ती गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. त्यास एकटे सोडू नये आणि फवारणीचे औषध घरातून दूर ठेवावे. १४४१६ ह्या क्रमांकावर 'टेलिमानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य चालू आहे; तेथे मराठीत बोलता येते. प्रार्थनेबरोबर हा दूरध्वनी करण्यात विश्वासाची काही हानी नाही.

विधवेबरोबर तहसील कचेरीत जाणे हाही सांत्वनाचाच भाग होय. शासनाने २००६ साली पात्र कुटुंबास एक लाख रुपये साहाय्य ठरविले. परंतु जमीन कोणाच्या नावे व कर्ज कोणत्या संस्थेचे, हे तपासले जाते, आणि सातबारा सासऱ्याच्या नावे असला की ती बाई दारोदार फिरते. जो वाचू-लिहू शकतो त्याने तिचे कागद एकत्र करून द्यावेत.

पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते. जून महिन्यात बियाणे घ्यावयाचे असते व मुलांची शाळा उघडते, तेव्हा कोणी फिरकत नाही. तरी उपदेशकांनी अशा घरांची नावे आपल्या वहीत लिहून ठेवावीत, व दुसरी भेट पेरणीच्या आधी आणि तिसरी वेचणीच्या वेळी द्यावी. ज्या बहिणीने पूर्वी असेच दु:ख सोसले आहे, ती येण्यास कबूल असेल तर तिला बरोबर न्यावे.