तीन चिठ्ठ्या, सतरा दिवस

सोलापूरच्या पूर्व भागात माझा दवाखाना आहे. येणारे बहुतेक यंत्रमागावरचे कामगार आणि विड्या वळणाऱ्या बायका. "मन उदास आहे" अशी तक्रार घेऊन इथं कुणी येत नाही. अंग गळून गेलंय, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, असंच सांगतात. ती अक्काही तशीच आली. वय सेहेचाळीस, नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. "सायेब, हातच चालंना बगा. आठशे व्हायच्या, आता तीनशेला रात होती." विड्यांचा आकडा सांगत होती ती.

रक्त, साखर, थायरॉइड तपासलं, सगळं ठीक निघालं. तरी मी बी-१२ची इंजेक्शनं दिली, एकदा सलाईनही लावलं. हे नैराश्य आहे हे माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले. इतका उशीर पुष्कळ डॉक्टरांकडून होतो. माझी खरी चूक त्यानंतरची आहे.

मी एस्सिटॅलोप्राम १० मिलिग्रॅम सुरू केलं. आठ दिवसांनी ती परत आली. मळमळतंय, जीव घाबरा होतोय म्हणाली. मी गोळी बदलून सर्ट्रालिन लिहिलं. पुढं नऊ दिवसांनी "काय गुण नाही" म्हणाली, तेव्हा अमिट्रिप्टिलिन दिलं आणि झोपेसाठी सोबत अल्प्राझोलाम. त्यानंतर ती आलीच नाही. बरी झाली असेल, असं मी धरून चाललो.

सात महिन्यांनी तिची मुलगी एकटीच आली आणि प्लॅस्टिकची पिशवी तिनं माझ्या टेबलावर रिकामी केली. अर्धवट राहिलेल्या पट्ट्या आणि माझ्याच अक्षरातल्या तीन चिठ्ठ्या. पहिल्या चिठ्ठीत आणि तिसरीत सतरा दिवसांचं अंतर. तोंडाला कोरड पडते, शौचाला होत नाही म्हणून अमिट्रिप्टिलिन अक्कानं केव्हाच सोडलं होतं. अल्प्राझोलाम मात्र ओळखीच्या मेडिकलमधून चालूच होतं, एकाच्या दोन गोळ्या झाल्या होत्या. दिवसभर गुंगी. सूप मांडीवर घेऊन नुसती बसून राहायची. विड्या दीडशेवर आल्या होत्या. "गुण यायला किती दिवस लागतात, ते तुम्ही आईला सांगितलंच नाही," मुलगी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं.

तिचं म्हणणं खरं होतं. या गोळ्यांचा त्रास आधी होतो आणि गुण मागाहून येतो. मळमळ, बेचैनी पहिल्या आठवड्यातली. मनातला फरक दोन ते चार आठवड्यांनी कळू लागतो, कधी सहाही लागतात. त्रास सुरू झालाय आणि गुण अजून यायचाय, नेमक्या त्या टप्प्यावर मी दोनदा गोळी बदलली. एकाही औषधाला मी त्याचा वेळ दिला नाही.

यातली सर्वांत चांगली गोळी कुठली, असं आम्ही डॉक्टर एकमेकांना विचारतो. औषध कंपनीचा प्रत्येक प्रतिनिधी आपल्याच कंपनीची सांगतो. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याची मोठी तुलना प्रसिद्ध झाली. २१ औषधं, ५२२ चाचण्या, १,१६,४७७ रुग्ण. सगळीच औषधं खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली. त्यांच्या आपसांतल्या गुणातलं अंतर मात्र फार मोठं नव्हतं. अमिट्रिप्टिलिन गुणाला वरचं, पण ते अर्ध्यावर सोडणारेही जास्त. एस्सिटॅलोप्राम गुणालाही चांगलं आणि लोकांना सोसणारं. म्हणजे माझी पहिली चिठ्ठी बरोबर होती. ती मीच फाडली.

आपल्या शेजारच्या गोव्यातलं काम मला याहून जवळचं वाटतं. विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ते साध्या दवाखान्यांत, साध्या पेशंटांवर केलं. २००३च्या अभ्यासात फ्लुओक्सेटीनसारख्या स्वस्त गोळीनं दोन महिन्यांत खोट्या गोळीपेक्षा जास्त फरक पडला. २०१७ साली १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्या रुग्णांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते; थोड्या सुधारलेल्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत ३९ टक्के. बोलण्याची ताकद एवढी असते, आणि मी पाच मिनिटंसुद्धा बोललो नव्हतो.

गोळी निवडताना आता मी आधी माणूस बघतो. प्रोस्टेट वाढलेल्या एका आजोबांना अमिट्रिप्टिलिन दिल्यावर त्यांची लघवी तुंबली होती. ती रात्र मी विसरलेलो नाही. हृदयाचा त्रास असेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील, तर ते औषध नकोच, जास्त गोळ्या घेतल्या तर ते जीव घेतं. झोप आणि भूक दोन्ही गेलेल्याला मिर्टाझापिन बरं पडतं, वजन मात्र वाढतं. मागावर उभं राहून अंग दुखतं म्हणून रोज वेदनाशामक खाणाऱ्याला एस्सिटॅलोप्रामच्या जातीच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ट्रॅमाडोल तर सोबत नकोच. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं सोडियम एस्सिटॅलोप्रामसारख्या गोळ्यांनी उतरू शकतं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात मी डोळ्यांत तेल घालून त्याकडे बघतो. आधी कधी झोपेशिवाय दिवसच्या दिवस भलताच उत्साह, उधळपट्टी, बडबड असं झालं होतं का, हे विचारल्याशिवाय यातली एकही गोळी सुरू करू नये. उत्तर हो असेल तर थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना पहिले काही आठवडे दर आठवड्याला बोलवावं. सुरुवातीला मरणाचे विचार वाढू शकतात. ते विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते नव्यानं शिरत नाहीत.

अक्का पुन्हा आली, तेव्हा तिचं अल्प्राझोलाम मी एकदम बंद केलं नाही. तसं केलं तर झटके येऊ शकतात. कित्येक आठवडे थोडं थोडं कमी करत आणलं. एस्सिटॅलोप्राम पुन्हा दिलं, पण ५ मिलिग्रॅमपासून, जेवणानंतर. मळमळेल, ती जाईल, महिनाभर काही वाटलं नाही तरी सोडायची नाही, हे मायलेकी दोघींना समोर बसवून सांगितलं. नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतो मी, ती उपयोगी आहे. पण अक्काची तब्येत मला कळायची ती विड्यांच्या आकड्यावरून. पाचव्या आठवड्यात साडेचारशे, तिसऱ्या महिन्यात सातशे. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवली, मग हळूहळू उतरवली.

घरात असं कुणी असेल तर वाट पाहू नका. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखवा. रात्रीअपरात्री बोलायचं असेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. मेडिकलमधून झोपेची गोळी मनानं आणू नका. गुण किती दिवसांनी येईल आणि आधी काय त्रास होईल, हे दोन प्रश्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय उठू नका. आणि पुढच्या खेपेला येताना घरातल्या साऱ्या पट्ट्या, जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत भरून आणा आणि ती आमच्या टेबलावर रिकामी करा.